खिशातलं काडतूस

माझ्या थोरल्या भावाचा उजवा गुडघा वाकत नाही. तो पायरीवर बसला की तो पाय पुढे सरळ राहतो, आणि घरात येणाऱ्या माणसाला वळसा घालून यावं लागतं. नवा माणूस असला तर विचारतोच, काय झालं म्हणून. या थंडीपर्यंत दादा मग मोठ्या हौसेने सांगायचा. "माझ्या भावान भेकर वाचवल्यान, तेची ही निशाणी," असं म्हणून तो गुडघ्यावर थाप मारायचा. मी तिथे असलो तर माझ्याकडे बोट दाखवायचा. पाहुणे कौतुकाने बघायचे, मी मान खाली घालायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. विनय कसला डोंबलाचा!

आमचं घर वैभववाडीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला. खाली भात, चढावरच्या भाटल्यात नाचणी, त्याच्या वर काजू आणि मग सगळं रान. मी नोकरीसाठी देवगडला गेलो आणि तिथल्या एका कचेरीत कागद सरकवता सरकवता म्हातारा झालो. दादा घरी राहिला. बाबांकडे एकनळी बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेली. बाबा गेले तेव्हा ती कोणाच्या नावावर करायची हा प्रश्न आला. खरं म्हणजे प्रश्न यायलाच नको होता. दादाचा नेम असा की झाडावरच्या आंब्यांतला नेमका पिकलेला आंबा तो दगडाने पाडायचा, बाजूच्या कैरीला धक्का न लावता. माझा दगड झाडालासुद्धा लागत नसे. पण परवाना म्हणजे अर्ज, सातबारा, वारसाचा दाखला, पोलीस ठाण्याच्या खेपा. दादा म्हणाला, "तुझ्या नावार घे रे. माका कागद बघलो की झोप येता." घेतली. ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच हातात बंदूक, हा नियम. म्हणजे गावातला उत्तम नेमबाज हातात डबा आणि काठी घेऊन रान उठवायला खाली, आणि मी बंदूक घेऊन वर. आम्ही दोघे त्यावर हसायचो.

आमच्या गावात दर वर्षी शिमग्याच्या आधी पारध होते. डुकरं शेताची अक्षरशः वाट लावतात, त्यामुळे त्यांच्यापुरती परवानगी काढायची. तो कागद बहुतेक मीच काढून आणत असे. सकाळी सगळे पुरुष देवाच्या पाषाणाशी जमायचे. मानकरी गाऱ्हाणं घालणार, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग चार-पाच बंदूकवाले वरच्या अंगाला जाऊन जनावरांच्या वाटा धरून बसायचे, आणि उरलेला गाव खालून आरडाओरडा करत, डबे वाजवत रान वर काढत यायचा. त्याला आमच्याकडे हाको म्हणतात. जे काही मिळेल त्याचे घरटी वाटे व्हायचे, अगदी रानात न आलेल्या विधवेच्या घरीसुद्धा.

आणि आणखी एक रीत होती. पारध संपली की परत पाषाणाशी यायचं, आणि प्रत्येक बंदूकवाल्याने उभं राहून सांगायचं, आपल्या वाटेवर काय आलं आणि आपण काय केलं. चुकलो असलो तर चुकलो म्हणायचं. ऐकून गाव 'व्हय म्हाराजा' म्हणणार, आणि तो विषय तिथेच मिटणार. देवासमोर सांगितलेल्या चुकीवरून पुढे कोणी कोणाला टोमणा मारायचा नाही. इतकी सोपी सोय होती. ती वापरण्याइतकी अक्कल मला नव्हती.

बाबांनी मला बसायला शिकवलं होतं. ते म्हणायचे, "चलताना बंदूक रिकामी. बसलंस काय पयला काडतूस घाल. मगे घाम पूस, मगे पाणी पी, मगे पान खा. जनावर तुझो घाम सुकाची वाट बघणा नाय." मला हे तोंडपाठ होतं. पण लहानपणी एकदा बाबांच्याच हातून माजघरात बार उडाला होता. कौलं फुटून माझ्या अंगावर पडली होती. तेव्हापासून भरलेली बंदूक मांडीवर घेऊन बसायची मला भीती वाटे. हे मी कोणाला सांगितलं नाही. कारकून असलो तरी पुरुष होतो ना गावातला! मी बंदूक रिकामी ठेवायचो, काडतूस शर्टाच्या खिशात, आणि मनाशी ठरवायचो की हाको जवळ आला की भरू. चार वर्षं माझ्या वाटेवर ससासुद्धा फिरकला नाही. भीती होती ती सवय झाली आणि सवयीचं मला काही वाटेनासं झालं.

त्या वर्षी माझी वाट करवंदीच्या दोन जाळ्यांमधून येत होती. मी एका ऐनाच्या बुंध्याला टेकलो, घाम पुसला, पाणी प्यायलो. काडतूस खिशात. खाली अजून हाको सुरू व्हायचा होता. नुसता एक डबा कोणी तरी वाजवून बघत होतं. पाचोळ्यात खुसखुस झालं. मला वाटलं रानकोंबडी असेल. मान वळवली तर समोर भेकर.

पंधरा पावलांवर असेल. तांबूस, शेळीएवढं, नर होता. कपाळावर त्या दोन काळ्या रेघा आणि आखूड शिंगं. एकेक पाय उचलून ठेवत होतं, सारवलेल्या जमिनीवरून बाईमाणूस चालावं तसं. ते थांबलं आणि बाजूला बघत उभं राहिलं. आता खरं सांगायला बसलोच आहे तर सांगतो. भेकराला मारायचं नाही हा कायदा मला ठाऊक होता, डुकरांच्या परवानगीच्या कागदावर मीच तो वाचून दाखवला होता. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात कायदा नव्हता, दया नव्हती, काही नव्हतं. एकच होतं: मार. चार वर्षं गावाने 'आज काय इला रे तुझ्या वाटेर?' विचारून हसावं, आणि मी 'काय नाय' म्हणावं, ते सगळं आता एका बाराने मिटणार होतं. माझा हात बंदुकीकडे नाही, खिशाकडे गेला. खिशाला बटण होतं.

बटण काढेपर्यंत भेकर दोन उड्यांत वर गेलं. मी स्वतःला शिवी हासडली. मग घाईघाईने बंदूक उघडली, काडतूस नळीत सरकवलं, आणि एवढ्यात खालून दादाचा आवाज आला. त्याचा आवाज मी हजारात ओळखेन. "इलो रे इलो! वरच्या वाटेर! मार रे, मार!" भेकर ज्या वाटेने आलं त्याच वाटेने डुक्कर येत होतं. भलामोठा एकुलगा, कळप सोडून एकटा फिरणारा नर. जाळीतून त्याचं तोंड बाहेर आलं आणि मी बंदूक बंद केली. खट्.

एवढाच आवाज. मी आधीच भरून बसलो असतो तर बार काढला असता. नुसता दगडासारखा गप्प बसलो असतो तरी ते माझ्या अंगावरून वर निघून गेलं असतं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. ते आवाज ऐकून जागच्या जागी वळलं आणि आलं तसं खाली सुटलं, हाक्याच्या तोंडावर. मी चाप ओढू शकलो नाही, कारण त्या दिशेला माणसं होती. मग दादा ओरडला. या वेळी शब्द नव्हते.

मी धावत खाली गेलो तेव्हा त्याला दोघांनी धरून बसवलं होतं आणि कोणी तरी आपलं मुंडासं त्याच्या मांडीला आवळत होतं. गुडघ्याचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. मानकरी माझ्याकडे वळला. "तुझ्या वाटेर इल्लो मा? बार कित्याक नाय काढलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दादासुद्धा. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, मी न बोलावता निघाले: "भेकर होता मदी. भेकराक लागला असता."

मानकऱ्याने माझ्या हातातली बंदूक घेतली आणि उघडली. काडतूस बाहेर आलं, कोरं, भरलेलं. त्याने ते सगळ्यांना दाखवलं. "बंदूक भरलेली. मुद्दाम नाय मारल्यान," तो म्हणाला. दादाचे ओठ पांढरे पडले होते. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे काळजी करू नको. अरे देवा, त्या मान हलवण्याने मी मेलो.

त्याला आधी कणकवलीला नेलं, तिथून गोव्याला. तिसऱ्या दिवशी मानकऱ्याने मला निरोप पाठवला की पारध अजून उघडी आहे, पाषाणाशी येऊन सांगून जा म्हणजे बंद करू. तीन दिवस होते माझ्याकडे. गोव्याहून येताना गाडीत मी ठरवलं होतं की सांगायचं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पाषाणापुढे उभा राहिलो, चपला काढल्या, गावातले तीस-चाळीस पुरुष समोर. आणि मी पुन्हा तेच म्हणालो, भेकर होतं म्हणून. "व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. मला वाटतं इतक्या मोठ्याने ते त्याआधी कधी म्हणाले नव्हते.

त्यानंतर संधी काय कमी आल्या? दादा घरी आला तेव्हा मी पंधरा दिवस रजा काढून त्याच्या उशाशी होतो. रोज सकाळी त्याचं तोंड धुवायला पाणी देताना वाटायचं, आज. मग वहिनी यायची, मग शेजारी यायचे. चतुर्थीला आम्ही दोघेच गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधत बसलो होतो, तेव्हा सांगता आलं असतं. तो सुतळी धरून होता, मी गाठी मारत होतो. मी म्हणालो, "दादा…" तो म्हणाला, "काय?" मी म्हणालो, "सुतळी जरा वड." खिशाला बटण होतंच.

आणि दिवस गेले तसं सांगणं सोपं व्हायच्या ऐवजी कठीण झालं, कारण दादाने त्या खोट्यावर घर बांधायला घेतलं. तो चिखलात उभा राहू शकत नव्हता, काजूच्या चढावर जाऊ शकत नव्हता. भातशेती दुसऱ्याला करायला दिली. ज्याचे पाय दिवसभर घरात ठरत नसत तो माणूस सकाळपासून घरापुढच्या खळ्यात बसून राहू लागला. पहिलं वर्ष तो फार वाईट होता. वहिनीवर ओरडायचा, जेवणाचं ताट सरकवायचा. मग एका सकाळी काजूच्या कडेला त्याला भेकर दिसलं. वहिनी सांगते, त्या दिवशी तो किती तरी महिन्यांनी पोटभर जेवला. त्याच्या मते ते तेच भेकर होतं. मी म्हटलं, भेकरं काय एक असतात? तो म्हणाला, "तू वळखूचंस नाय. माका कळता." पुढच्या हंगामात भात कापून झाल्यावर त्याने खळ्यासमोरच्या कुणग्यात, भाताच्या एका तुकड्यात, कुळीथ पेरून घेतले, घरासाठी नव्हे, भेकरासाठी. कुंपण मुद्दाम एका बाजूला मोडकं ठेवलं. गावाने वेड्यात काढलं, मग गावालाही सवय झाली. दरवर्षी कुळीथ वर आले की एक ना एक भेकर यायचं आणि दादा श्वास रोखून बघत राहायचा. मला फोन करायचा: "इला रे तुझा!"

माझा म्हणे! मला त्या भेकराचा राग यायचा. एवढासा प्राणी, पण दर थंडीत येऊन माझ्या मानगुटीवर बसायचा. गेल्या काही वर्षांत मी गावी जायचंच टाळत होतो. कधी कचेरीचं काम, कधी बायकोची कंबर. दादा कधी रागावला नाही. 'भावाक काम असता,' म्हणायचा.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. गेल्या वेळी जमा केली आणि मी सोडवून आणलीच नाही. निवृत्त झालो होतो. मनात आलं, परवानाच परत करून टाकावा, एक फास सुटेल. तेवढं दादाच्या कानावर घालायला म्हणून थंडीत गावी गेलो. रात्रभर राहिलो आणि सकाळी चहा घेऊन आम्ही दोघे खळ्यात बसलो. धुकं अजून कुणग्यावर होतं. दादाने माझ्या हातावर हात ठेवला. "गप रव. हलू नको. बघ, इला."

कुळथात एक तांबूस पाठ होती. मोडक्या कुंपणातून आत आलं होतं आणि निवांत खात होतं. मग मी हळू आवाजात परवान्याची गोष्ट काढली. आमचं पुढचं सगळं बोलणं कुजबुजत झालं, भेकर उठू नये म्हणून.

"परत कित्याक करतस?" दादा म्हणाला. त्याचा मुलगा गोव्यात नोकरीला होता. "माझ्या झिलाच्या नावार कर. तो येतलो आता गोव्याहून, हयसरच रवतलो म्हणता. तू तेका वाटेर बसव."

"मी?"

"मगे कोण? नेम कोणय शिकयता. हात आवरूक तूच शिकव. सख्ख्या भावाचो पाय ग्येलो तरी भेकराक हात लावल्यान नाय, अशा माणसान शिकवक व्हया."

मी चहाचा कप खाली ठेवला. हे मात्र होणं नव्हतं. मी त्या पोराला रानात नेऊन बसवणार, आणि काय सांगणार होतो? बाबांचे शब्द? कुठल्या तोंडाने? आज बोललो नाही तर हे खोटं आणखी एका पिढीला जाणार आणि तो पोरगा कधी तरी भेकर बघून मला आठवून थांबणार. मी म्हणालो, "दादा, बंदूक रिकामी होती."

"कधी?"

"तेव्हा. काडतूस माझ्या खिशात होता."

तो कुळथाकडेच बघत होता. "मानकऱ्यान सगळ्यांसमोर काढल्यान मगे ता?"

"मागसून घातलंय. बंदूक बंद केलंय तेचो आवाज झालो. तो ऐकान डुकर खाली परतलो."

भेकराने मान वर केली, कान हलवले, पुन्हा खाली घातली. मला वाटलं तो विचारेल की इतकी वर्षं का नाही सांगितलंस. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. त्याने ते विचारलंच नाही.

"आणि भेकर?" तो म्हणाला. "ता होता मा?"

"होता."

"भरलेली असती बंदूक तर? तुका ता मारूचा होता?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. या एका जागी खोटं बोललो असतो तरी चाललं असतं, आता मला कळतं. नाही मारलं असतं दादा, एवढं म्हणायचं होतं, आणि त्याच्याकडे काही तरी उरलं असतं. पण मी त्या सकाळी खरं बोलायला तयार होऊन बसलो होतो. जन्मात पहिल्यांदा तयार होतो.

"व्हय," मी म्हणालो. "मारूचा होता."

दादाने मान हलवली. रानात हलवली होती तशीच, हळू, दोनदा. मग भिंतीला हात लावून तो उठला. काठी घेतली नाही. ताठ पाय ओढत खळ्याच्या कडेपर्यंत गेला, तिथे कोंबड्यांच्या पाण्याचा पत्र्याचा डबा होता तो उचलला, पाणी ओतून टाकलं आणि दगडाने तो डबा बडवायला लागला. "हाऽऽ! हाऽऽ! उठ! उठ रेऽऽ!" हाक्याचा आवाज. त्या दिवसानंतर तो आवाज त्याने कधी काढला नव्हता. भेकर ताडकन उडालं, कुंपणाला धडकलं, मोडकी बाजू सापडेना तेव्हा फिरून खळ्याकडे आलं आणि मी बसलो होतो तिथून दोन हातांवरून घराच्या बगलेने वर निघून गेलं. त्याच्या डोळ्याचं पांढरं मला दिसलं. मी नुसता बसून होतो.

दादा अजून डबा वाजवत होता. कुळथात काही उरलं नव्हतं तरी वाजवत होता. वहिनी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "काय झाला? डुकर इलो काय?"

"नाय," दादा म्हणाला. त्याने डबा जागेवर ठेवला. "भेकर होता. कुळीथ खाय होता."